आंतरजालावरील बहुखेळाडू खेळांची संदर्भसूची : समावेशाच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. आंतरजालावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या, रूढ भाषेत 'ऑनलाइन मल्टिप्लेअर' म्हटल्या जाणाऱ्या खेळांपैकी कोणते खेळ संदर्भसूचीत घ्यावेत आणि कोणते वगळावेत, हा तो विषय होय. लेखकाला हा प्रश्न वर्गात पडला. माळेगाव बुद्रुक हा ऊस, साखर कारखाना आणि नीरा डाव्या कालव्याचा परिसर. येथील पदवीच्या विद्यार्थ्यांना 'आपल्या परिसरातील खेळ' या विषयावर सूची करण्यास सांगितले असता विटीदांडू, आट्यापाट्या, कबड्डी यांच्या जोडीने त्यांनी पबजी, फ्री फायर, लुडो किंग ही नावेही लिहून आणली. त्यांपैकी एकाने विचारले, "सर, जो खेळ आता बंद झालाय, तो लिहायचा की नाही?" त्या तासाला या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

लोकप्रियता, कायदेशीरपणा आणि आजची उपलब्धता हे तीन निकष अशा सूचीसाठी सर्रास वापरले जातात. परंतु संदर्भसूचीच्या मूळ प्रयोजनाशी ते विसंगत आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यांच्या जागी खेळाच्या स्वरूपातून निघणारे निकष सुचविण्याचा येथे प्रयत्न केला आहे. तसेच बंद पडलेल्या खेळाची नोंद ही सूचीतील अडगळ नसून तिचे सर्वांत आवश्यक अंग आहे, हेही येथे मांडावयाचे आहे.

मराठी कोशपरंपरा आणि खेळांची नोंद

खेळांची नोंद गांभीर्याने घेण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड प्रसिद्ध झाले. शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात त्या काळी एका भारतीय भाषेत इतके मोठे काम उभे राहावे, ही बाब लक्षणीय आहे. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशातही आट्यापाट्या, खोखो, बुद्धिबळ अशा खेळांना स्वतंत्र नोंदी मिळाल्या. विद्वत्तेच्या दालनात खेळाला प्रवेश द्यावा की नाही, हा वाद मराठीपुरता तरी फार पूर्वीच मिटलेला आहे.

या परंपरेकडून एक महत्त्वाची पद्धत शिकता येते. कबड्डीचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु, तमिळनाडूत चेडुगुडु अशा नावांनी हा खेळ खेळला जात असे. त्याचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार सांगितले जातात. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच जिवंत होतो. गामिनीत संपूर्ण संघ बाद होईपर्यंत कोणी परत येत नाही. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही, केवळ गुण मोजला जातो. नियमांत एवढी तफावत असूनही कोशकार हे तीन निरनिराळे खेळ मानत नाहीत; एका शीर्षकाखाली तीन प्रकार अशी व्यवस्था करतात. नावे अनेक, खेळ एक. आणि खेळ एक, प्रकार अनेक, हा विवेक येथे दिसतो. आजच्या सूचीकारांत नेमका त्याचाच अभाव आढळतो.

मात्र या परंपरेमागे एक गृहीत आहे, ते आता तपासून घेतले पाहिजे. खेळ हा त्याच्या नोंदीवाचूनही टिकतो, हे ते गृहीत. आट्यापाट्यांच्या पाट्या पावसाने पुसल्या तरी नियम ठाऊक असणारी चार माणसे त्या पुन्हा आखू शकतात. आंतरजालावरील खेळाला हे लागू पडत नाही. त्याचे मैदान कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि सर्व्हर बंद झाला की मैदानही राहत नाही. २००५ साली सुरू झालेला 'क्लब पेंग्विन' हा मुलांचा खेळ मार्च २०१७ मध्ये बंद झाला. 'द क्रू' हा २०१४ सालचा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद करण्यात आला, तेव्हा पैसे देऊन तो विकत घेतलेल्यांनाही तो एकट्याने खेळणे अशक्य झाले. त्यातून युरोपात ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. अशा खेळाच्या बाबतीत नोंद हाच बहुधा मागे राहणारा पुरावा असतो. म्हणून ती कोणत्या निकषावर घ्यावयाची, हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

रूढ निकषांची तपासणी

पहिला रूढ निकष लोकप्रियतेचा. 'आघाडीचे दहा खेळ' अशा स्वरूपाच्या याद्या डाउनलोडच्या आकड्यांवर आधारलेल्या असतात. हे आकडे बहुधा कंपन्यांच्या सोयीने प्रसिद्ध होतात. शिवाय डाउनलोड म्हणजे खेळणे नव्हे. एका मोबाइलवर घरातील चौघे खेळत असतील तर डाउनलोड एकच मोजला जातो आणि एकाच मुलाने तीनदा मोबाइल बदलला तर तो तीनदा मोजला जाण्याचा संभव असतो. त्याहून मोठा दोष असा की, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे खेळ या निकषावर बाहेर पडतात. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ च्या सुमारास सिद्ध केलेला 'मड' हा केवळ शब्दांवर चालणारा खेळ होता. त्यात चित्र नव्हते आणि त्याचे खेळाडूही आजच्या मानाने मूठभरच होते. परंतु दूरच्या संगणकांवरील माणसांनी एकाच काल्पनिक प्रदेशात एकत्र वावरण्याची जी रीत पुढे रूढ झाली, तिचा उगम तेथे आहे. लोकप्रियतेच्या यादीत त्याला स्थान नाही. संदर्भसूचीत मात्र त्याच्यावाचून चालणार नाही.

दुसरा निकष कायदेशीरपणाचा. महाविद्यालयीन प्रकाशनात बंदी घातलेल्या खेळाचे नाव नको, असा संकोच अनेकदा दिसतो. तो समजण्यासारखा असला तरी त्याची परिणती पाहावी. 'पबजी मोबाइल'वर केंद्र शासनाने २ सप्टेंबर २०२० रोजी इतर अॅपसह, एकूण ११८ अॅपवर, बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने भारतात आला. जुलै २०२२ मध्ये तोही रोखण्यात आला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उपलब्ध झाला. सूचीकाराने शासनाच्या आदेशामागून जावयाचे ठरविल्यास त्याला तीन वर्षांच्या आत एकाच खेळाचे नाव दोनदा खोडून दोनदा लिहावे लागले असते. 'फ्री फायर'वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, परंतु त्याचीच अधिक रेखीव चित्रणाची आवृत्ती असलेला 'फ्री फायर मॅक्स' उपलब्ध राहिला. येथे कबड्डीच्या नोंदीचा धडा उपयोगी पडतो. एका शीर्षकाखाली मूळ खेळ, त्याच्या आवृत्त्या आणि प्रत्येकीच्या आरंभ-बंदीच्या तारखा अशी नोंद केली तर आदेश बदलला तरी नोंद खोटी ठरत नाही. बंदी ही नोंदीतील एक घटना आहे. नोंद नाकारण्याचे कारण नव्हे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी जो अधिनियम संमत केला, त्यामुळे या निकषाला नवे बळ मिळण्याचा संभव आहे. या अधिनियमात ई-क्रीडा, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि ऑनलाइन पैशाचे खेळ असे तीन वर्ग केले आहेत आणि तिसऱ्या वर्गातील खेळ कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्यांना मनाई केली आहे. आयते वर्गीकरण हाती आल्यामुळे ग्रंथालयांनी व अभ्यासकांनी तेच सूचीसाठी उचलणे सोपे आहे; मात्र ते इष्ट नाही. कायदा पैशाविषयी प्रश्न विचारतो, सूची खेळाविषयी. पैसे लावून खेळलेला लुडो आणि पैसे न लावता खेळलेला लुडो हे कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न व्यवहार आहेत. सोंगट्या, फासा आणि घरे यांच्या दृष्टीने तो एकच खेळ आहे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली व्यक्त केले होते. २०२५ च्या अधिनियमाने पैशाच्या खेळापुरता कौशल्य-नशीब हा भेदच बाजूला ठेवला. या दोन तारखांच्या मध्ये रमी खेळ म्हणून बदललेली नाही, तिच्याकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी बदलली. सूचीने हे दोन्ही टिपावे, परंतु त्यांची गल्लत करू नये.

तिसरा निकष उघडपणे कोणी सांगत नाही, पण तो काम करीत असतो. तो म्हणजे आपलेपणाचा. पुणे येथील एका कंपनीने घडविलेला 'इंडस' हा भारतीय कल्पनांवर बेतलेला रणखेळ २०२४ साली प्रसिद्ध झाला. पुण्यातच घडलेला 'राजी' हा २०२० सालचा खेळ भारतीय पुराणकथा व चित्रशैली यांच्या उपयोगामुळे देशाबाहेरही वाखाणला गेला. आपल्या जिल्ह्यातील म्हणून दोहोंचाही समावेश करण्याचा मोह होतो. परंतु 'राजी' हा एकट्याने खेळावयाचा खेळ आहे. बहुखेळाडू खेळांच्या सूचीत त्याला जागा नाही आणि त्यामुळे त्याची थोरवी यत्किंचितही उणी होत नाही. 'फौजी' या खेळाच्या बाबतीत देशाभिमानाचा प्रभाव अधिक होता. २६ जानेवारी २०२१ रोजी तो आला तेव्हा बंदी आलेल्या पबजीचा भारतीय पर्याय म्हणून त्याची चर्चा झाली होती. प्रत्यक्षात त्या दिवशी त्यात एकट्याने खेळावयाची मोहीमच होती. संघांनी परस्परांविरुद्ध खेळण्याची सोय नंतर त्याच वर्षी आली. काटेकोर सूचीकाराने जानेवारीत त्याची नोंद नाकारली असती आणि सोय आल्यावर तारखेसह स्वीकारली असती. दोन्ही निर्णय योग्यच ठरले असते.

प्रस्तावित निकष

वरील विवेचनावरून समावेशाचे तीन निकष सुचविता येतील. पहिला परस्परावलंबनाचा : खेळ चालू असताना दुसऱ्या माणसाच्या चालीने माझी स्थिती बदलू शकते काय? दुसरा जालावलंबनाचा : संगणकांचे जाळे काढून घेतले तर हा खेळ त्याच रूपात उरतो काय? उरत असेल तर तो जुना खेळ नव्या मैदानावर आला आहे, असे समजावे. तिसरा पुराव्याचा : निर्मात्याच्या जाहिरातीखेरीज त्या खेळाविषयी स्वतंत्र लेखी आधार आहे काय? या तिन्हींत गुणवत्ता, नीती, उत्पन्न वा आजची उपलब्धता यांचा उल्लेख नाही. तो हेतुपुरस्सर टाळला आहे.

निकषांची परीक्षा सीमारेषेवरील उदाहरणांतच होते. 'फार्मव्हिल' हा शेतीचा खेळ २००९ साली फेसबुकवर आला आणि २०२० च्या अखेरीस बंद झाला. त्यात स्ट्रॉबेरीचे पीक चार तासांत तयार होई. आडसाली उसासाठी दीड वर्ष वाट पाहणाऱ्या आमच्या परिसराला त्याचे हसू येणे स्वाभाविक आहे. या खेळात शेजारी मदतीला येत, भेटी पाठवीत. परंतु शेत एकट्यानेही कसता येई आणि शेजाऱ्याची कोणतीही चाल आपल्या पिकाचा डाव उलटवीत नसे. परस्परावलंबन अत्यंत क्षीण असल्याने तो मुख्य सूचीत न घेता 'सामाजिक खेळ' या पुरवणीत घ्यावा. २००८ साली स्थापन झालेल्या, मुंबईस्थित 'ड्रीम इलेव्हन'बाबतही पहिला निकषच निर्णायक ठरतो. सामना सुरू होण्यापूर्वी खेळाडू आपला संघ निवडतो. त्यानंतर अन्य स्पर्धकाची कोणतीही चाल त्या संघावर परिणाम करीत नाही, केवळ शेवटी क्रमवारी लागते. ज्या प्रश्नावर न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे वाद झाले, तो प्रश्न सूचीकाराला न सोडविताच पुढे जाता येते.

'काउंटर स्ट्राइक'चे उदाहरण वेगळे आहे. या शतकाच्या आरंभी शहरांतील सायबर कॅफेंमध्ये एका खोलीतील संगणक परस्परांना जोडून तो खेळला जाई. आंतरजालाची गरज तेथे पडत नसे. म्हणून तो 'ऑनलाइन' नव्हे, असा तर्क कोणी करील. परंतु जाळे खोलीपुरते असो वा जगभरचे, जाळ्यावाचून तो बहुखेळाडू खेळ म्हणून उभा राहत नाही आणि दोन्हीकडे त्याचे रूप तेच राहते. त्याचा समावेश योग्य ठरतो.

सर्वांत कठीण प्रश्न लुडोचा आहे. नवी मुंबईतील कंपनीने २०१६ साली आणलेला 'लुडो किंग' २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. परंतु लुडो हा पचीशीपासून आलेला पटावरचा खेळ आहे. जाळे काढून घेतले तरी तो उरतो. बुद्धिबळाच्या संकेतस्थळांनाही हेच लागू आहे. तेथे खेळले जाते ते बुद्धिबळच. संकेतस्थळ ही खेळण्याची जागा आहे. दुसऱ्या निकषानुसार हे खेळ मुख्य सूचीत येत नाहीत. यावर एक रास्त आक्षेप घेता येईल : आमच्या परिसरातील कुटुंबांनी त्या वर्षी जे प्रत्यक्ष खेळले, तेच वगळणारी सूची कोणाच्या कामाची? हा आक्षेप लेखकाला मान्य आहे. म्हणूनच 'नव्या मैदानावरील जुने खेळ' असा सूचीचा दुसरा भाग असावा आणि त्यातील नोंदी तळटीपेसारख्या त्रोटक न ठेवता मुख्य नोंदींइतक्याच पूर्ण द्याव्यात, असे सुचवावेसे वाटते. वर्गीकरणाचा हेतू खेळ दूर लोटण्याचा नाही, तो कोठे सापडेल हे सांगण्याचा आहे.

पुराव्याचा प्रश्न

तिसऱ्या निकषाच्या बाबतीत मराठीची स्थिती चिंतेची आहे. या खेळांविषयीचे मराठी लेखन चाळले असता त्यात बंदीच्या बातम्या, फसवणुकीच्या व आत्महत्येच्या बातम्या आणि व्यसनमुक्तीपर उपदेश यांचेच प्राबल्य दिसते. त्यांतील काळजी खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु खेळ कसा खेळला जातो, किती जण खेळतात, डाव कसा संपतो याचे साधे वर्णन त्यांत क्वचितच आढळते. केवळ या आधारावर सूची केली तर भावी अभ्यासकाला हे खेळ गुन्ह्यांच्या नोंदवहीतूनच भेटतील. कुस्तीविषयीचे सर्व ज्ञान आखाड्यातील मारामारीच्या बातम्यांतून मिळवावे, तसा तो प्रकार होईल.

विद्यार्थ्यांशी बोलताना या उणिवेची तीव्रता जाणवली. टाळेबंदीत महाविद्यालय बंद होते. गावोगावी अडकलेले चार मित्र रात्री पबजीत एक तुकडी करून उतरत. शंभर खेळाडूंच्या त्या डावात शेवटपर्यंत टिकणे हा खेळाचा उद्देश असला तरी त्यांच्या सांगण्यानुसार निम्मा वेळ गप्पांतच जाई : कोणाच्या घरी कोण आजारी आहे, ऊस कधी तुटणार, परीक्षा होणार की नाही. एकाने सांगितले की, बंदी आल्यावर खेळ गेल्याचे दुःख नव्हते, "भेटायची जागा गेली" याचे होते. ही माहिती कोणत्याही बातमीत नाही. खेळांच्या सूचीत ती नसेल तर त्या खेळाची नोंद तारखांनिशी बिनचूक असूनही अपुरी राहील.

यावर उपाय अवघड नाही. तारखा, आवृत्त्या व नियम यांच्यापुरते निर्मात्यांचे निवेदन ग्राह्य धरावे, स्तुतीसाठी नव्हे. त्याच्या जोडीला खेळणाऱ्यांच्या मौखिक निवेदनांची दिनांक, गाव व वय यांसह, परंतु नाव गाळून, नोंद घ्यावी. लोकगीते व लोककथा यांच्या संकलनासाठी मराठी विभागांनी ही पद्धत यापूर्वी यशस्वीपणे वापरलेली आहे. जात्यावरील ओव्या गोळा करणाऱ्या विद्याशाखेला मोबाइलवरील खेळांच्या आठवणी गोळा करणे अवघड जाऊ नये.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. आंतरजालावरील बहुखेळाडू खेळांच्या संदर्भसूचीत समावेशासाठी परस्परावलंबन, जालावलंबन आणि स्वतंत्र पुरावा हे तीन निकष पुरेसे आहेत. लोकप्रियता, कायदेशीरपणा व आपलेपणा हे नोंदीतील माहितीचे विषय आहेत, प्रवेशाच्या अटी नव्हेत.

२. एकाच खेळाच्या अनेक आवृत्त्या कबड्डीच्या प्रकारांप्रमाणे एका शीर्षकाखाली घ्याव्यात आणि आरंभ, बदल, बंदी व समाप्ती यांच्या तारखा द्याव्यात.

३. जुन्या खेळांची आंतरजालावरील रूपे स्वतंत्र भागात, परंतु पूर्ण नोंदींसह द्यावीत.

४. बंद पडलेले खेळ सूचीतून काढू नयेत. ज्या खेळाचे मैदान उरलेले नाही, त्याला नोंदीची गरज सर्वाधिक असते.

५. मराठीतील पुराव्याची उणीव भरून काढण्यासाठी महाविद्यालयांनी मौखिक निवेदनांचे संकलन हाती घ्यावे.

समारोप

वर्गातील त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल : बंद झालेला खेळ लिहावयाचा आणि तो कधी बंद झाला, हेही लिहावयाचे. मुजुमदारांच्या पिढीने देशी खेळ विस्मरणात जाऊ नयेत म्हणून दहा खंडांचा खटाटोप केला. त्यांच्या काळी ते खेळ निदान गावाच्या मैदानावर पाहावयास मिळत होते. आपल्या विद्यार्थ्यांनी वीस वर्षांचे होईपर्यंत जे खेळले, त्यातील काही आजच कोठेही पाहावयास मिळत नाही. ज्यांनी ते खेळले, ते मात्र अद्याप आपल्यासमोर बाकावर बसलेले आहेत. त्यांची निवेदने टिपून घेण्यास पदवीच्या तीन वर्षांचाच अवधी मिळतो. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरापुरती अशी पाच-पंचवीस नोंदींची सूची केली, तरी पुढील कोशकाराला आरंभ करण्यासाठी काही हाती लागेल.